मला थंड असताना सुरू करा

“काका, ही गाडी तुम्ही तुमच्या स्वतःच्या मुलीला चालवायला द्याल का?”

मित्रांनो, त्या सकाळी हा प्रश्न शेडमध्ये खणखणीत आवाजात विचारला गेला आणि माझ्या टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोलसुद्धा शहारलं. विचारणारी होती एक शाळकरी मुलगी. गळ्यात हेडफोन, गुडघ्याला खरचटल्याची खपली, एका बुटाची नाडी सुटलेली. प्रश्न विचारून झाल्याबरोबर ती माझ्या डिकीमागे जाऊन उकिडवी बसली आणि फोनमध्ये कुजबुजली, “विचारला! अगं, खरंच विचारला! आता आठवडाभर माझं दप्तर तुम्ही तिघींनी उचलायचं. पैज म्हणजे पैज!”

म्हणजे प्रश्न मैत्रिणींचा होता आणि हिंमत हिची.

जुन्या गाड्या विकणारा शेठ, शेडचा मालक, हसला. नुसत्या तोंडाने हसला, डोळे जागच्या जागीच राहिले. “काय गं बाळ, भारी बोलतेस! माझ्या मुलीला ना, गाड्यांची आवडच नाही.”

हे काही उत्तर नव्हतं. त्याला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि डिकीमागून उठून आलेल्या त्या मुलीच्या भुवया पाहिल्यावर माझी खात्री पटली, की तिलाही ते कळलं होतं.

मी एक जुनी गाडी आहे. लाल, बुटकी, दोन दारांची, लांब नाकाची. माझ्या पोटात सहा सिलिंडरचं इंजिन आहे. माझ्या उमेदीच्या काळात मी नुसती उभी असले तरी पळतेय असं वाटायचं. अशा जुन्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. फाटकी छत्री मुसमुसते, मोडकी खुर्ची उसासे टाकते. मी तसलं काही करणार नाही. मला सूड हवा होता. साधासुधा नाही, चांगला व्याजासकट सूड! तो कुणावर आणि कुणासाठी, हे सांगते.

आधी त्या मुलीच्या घरच्या मंडळींची ओळख करून देते. मुलीला घरात सगळे टकळी म्हणत. गेल्या वर्षापर्यंत तिला घुमी म्हणत असत. वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज फुटायचा नाही. मग एकदा कशी कुणास ठाऊक बोलायला लागली ती लागलीच. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. साऱ्या गावाला नीट बघायला शिकवणारा तो माणूस माझ्याभोवती असा फिरत होता, जसा नवरदेव बोहल्यावर चढण्याआधी आरशाभोवती फिरतो. माझ्या मडगार्डवरून हात फिरवून ते म्हणाले, “शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर मी हिचंच चित्र काढायचो.” आई पोहायला शिकवायची. केस कायम किंचित ओले आणि बोलणं कोरडं. ती म्हणाली, “म्हणूनच गणितात काठावर सुटलात.”

शेठची तबकडी सुरू होतीच. “एकच मालकीण साहेब, दातांच्या डॉक्टर. फुलासारखी जपलेली गाडी. अपघात? छे! नखभर ओरखडा नाही. बॉनेटला हात लावून बघा, थंडगार! सकाळपासून चावी फिरवलेली नाही. आणि आता ऐका.” त्याने चावी फिरवली आणि मी एका दमात सुरू झाले. मधाळ, भरदार आवाज, धुराचा लवलेश नाही. बाबांनी डोळेच मिटले. शेठने लगेच मला बंद केलं.

मित्रांनो, इथेच तर सगळी मेख आहे. मी थंड असताना सुरू झाले की पोटात डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड होते आणि मागून निळा धूर निघतो. इंजिन चांगलं तापलं की मात्र सगळं झाकलं जातं आणि मी गायला लागते. म्हणून गिऱ्हाईक यायच्या दिवशी शेठ लवकर येऊन मला तापवायचा. मग बॉनेटवर ओलं गोणपाट पसरायचा, म्हणजे पत्रा हाताला गार लागतो. शेवटी कोरड्या कापडाने पुसून, शर्टाची बटणं नीट लावून फाटकात उभा! ही त्याची रीत होती आणि ती कधी फसली नव्हती.

पण त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि शेडमध्ये एक मांजर होती.

गोणपाटाने वरचा पत्रा गार होतो, पोटातलं इंजिन नाही. थोड्या वेळाने ऊब हळूहळू वर झिरपते. माणसाच्या हाताला ती लगेच कळत नाही, मांजरीला कळते. ती टुणकन उडी मारून माझ्या बॉनेटवर बसली. शेठने “हट्” केलं, ती उतरली. त्याची पाठ वळताच परत हजर, आणि यावेळी तर मुटकुळं करून डोळे मिटून!

टकळी मांजरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काका, एक विचारू?”

“आता आणखी काय?”

“आमची मांजर थंडीत फरशीवर पाय ठेवत नाही. ओट्यावर शेगडीला चिकटून बसते. ही तुमची मांजर बर्फासारख्या पत्र्यावर एवढी सुखात कशी काय झोपलीय?”

“मांजर आहे ती! तिला काय कळतंय?”

“तिलाच तर कळतंय,” टकळी म्हणाली आणि माझ्या समोरच्या जाळीत तिने हात घातला. “बाबा! आत तर भट्टी आहे!”

बाबा गडबडले. शेठच्या गालावरचं हसू एका बाजूने सुटायला लागलं. “सकाळी जरा बाजूला घेतली होती, जागा झाडायला. एवढंच.”

“आत्ताच तर म्हणालात, सकाळपासून चावीच फिरवली नाही. आमच्यासमोरच्या त्या मिनिटभरात एवढी भट्टी होते?”

“टकळे,” बाबा दबक्या आवाजात म्हणाले, “असं मोठ्या माणसांना उलटं बोलू नये.”

“मी कुठे उलटं बोलतेय? मी फक्त थांबायचं म्हणतेय. गार झाली की परत सुरू करून बघू.”

“अहो, दुपार होईल!” शेठ म्हणाला.

आईने कोपऱ्यातलं बाकडं ओढलं, त्यावर बसली आणि पिशवीतून सफरचंदं काढली. “होऊ दे की. मी कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभी असते. इथे तर बसायला मिळतंय.”

मांजरीने माझ्यावर आणखी जरा पाय पसरले. मला तिचा मुका घ्यावासा वाटला, पण देवाने गाडीला ओठ दिलेले नाहीत.

ती माणसं सफरचंद खात बसली आहेत, मी गार होतेय, तोवर तुम्हाला माझी कहाणी सांगते.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा शेवटचा हात मारणाऱ्या बाईने माझ्या नाकावर कापड फिरवून म्हटलं होतं, “जा गं पोरी, पळ!” आणि मी पळाले. माझी पहिली मालकीण खरोखरच दातांची डॉक्टर होती. एवढीशी बाई, पाठीमागे उशी घेऊन बसायची. पण चालवायची कशी! मला सुरू केलं की लगेच दामटायची नाही. शेजारी बसलेल्यांना म्हणायची, “भूल चढल्याशिवाय मी दाताला हात लावत नाही. हिचंही तेल सगळीकडे चढू दे, मग निघू.” तेल वेळेवर बदलायची, पाऊस लागला तर घरी आल्यावर दारांच्या कडा पुसायची. मोकळ्या रस्त्यावर लागलो की अत्यंत बेसूर गायची. पोरं वळून वळून बघायची, म्हातारे काठी थांबवून बघायचे. स्तुती कुणाला आवडत नाही? मी तर नुसती फुलून जायचे.

मग तिची नजर मंदावली. तिने मला भाच्याला दिलं. भाच्याने मला घराच्या मागच्या अंगणात, मातीवर उभं केलं आणि वरून प्लॅस्टिक घातलं. त्याला वाटलं, झाकलं म्हणजे जपलं. मित्रांनो, प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. माझ्या काचेभोवतीचं रबर वाळून फाटलं, पाणी आत झिरपलं, गालिचाखाली साचलं. वरून मी राणीसारखी लाल आणि खालून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. गंजाला आवाज नसतो, हेच त्याचं वाईट.

भाच्याला जागा हवी झाली, तेव्हा त्याने मला या शेठला विकलं. शेठने मला उचलून खालून पाहिलं. अगदी नीट पाहिलं! मागच्या चाकांना अंगाशी धरून ठेवणारा जो पत्रा, तोच कुजला होता. हाताने चुरा पडत होता त्याचा. तिथला सडका भाग कापून नवा भक्कम पत्रा लावायला हवा होता. शेठने काय केलं? भोकांत चिंध्या कोंबल्या, वर पुट्टी थापली, पुट्टीवर लाल रंग मारला आणि आतून-खालून काळं डांबर फासलं. “कोण वाकून बघतंय?” असं स्वतःशीच म्हणाला आणि शीळ घालत हात धुवायला गेला. ती शीळ मी अजून विसरलेले नाही.

मग आला तो. पुलापलीकडच्या दुकानात चित्रांना फ्रेम करून देणारा तरुण. बोटांना कायम लाकडाचा भुसा. त्याने माझा दरवाजा असा उघडला, जणू आत कुणी झोपलंय. एकट्याने आला, एकट्याने भाळला. खाली वाकून कोण बघतंय? प्रेमात माणूस डोळ्यांत बघतो, पायाखाली नाही. त्याने मला घेतलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, वळणावर वेग कमी करून, इतकी जपून चालवायचा की सायकलवाले पुढे जायचे.

आणि एका साध्या वळणावर, अगदी साध्या, माझं मागचं चाक अंगातून निखळलं. तो पत्रा फाटला. मला सांभाळायचं होतं त्याला, शप्पथ! पण माझी कंबरच सुटली होती. आम्ही दगडी कठड्यावर आदळलो. तो वाचला. उजव्या मनगटाचा मात्र चुरा झाला.

शेठने मला भंगाराच्या भावात परत ओढून आणलं आणि गावभर सांगत सुटला, “पोराला गाडी झेपली नाही. लायकी नसताना असली गाडी घ्यावी कशाला?” लोकांनी ते खरं मानलं. आणि मित्रांनो, त्या पोरानेही मानलं!

तो एकदा शेडमध्ये आला होता. हात प्लॅस्टरमध्ये. शेठ आत फोनवर होता. तो माझ्या मोडक्या मागच्या बाजूपाशी उभा राहिला, डाव्या हाताने पत्र्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला, “माफ कर गं. माझ्या हातून चुकलं.”

माझी माफी मागितली त्याने. माझी! ज्या माणसाने मला चिंध्या कोंबून रस्त्यावर उतरवलं, तो आत मोठमोठ्याने हसत होता, आणि ज्याचं मनगट गेलं, तो माझी माफी मागत होता. त्या क्षणी माझ्या थंड इंजिनात जे पेटलं, ते आजतागायत विझलेलं नाही. मी ठरवलं, शेठचं खोटं एक ना एक दिवस माझ्याच पोटातून बाहेर काढीन आणि ते त्या पोराच्या कानावर जाईल असं बघीन.

पण गाडीने सूड घ्यायचा कसा? मला दात नाहीत, नखं नाहीत. माझ्यापाशी एकच शस्त्र होतं. मला खोटं बोलता येत नाही. जिथे गंज आहे तिथे गंजच दाखवणार, जिथे गळतंय तिथे गळणारच. फक्त कुणीतरी बघायला हवं होतं. शेठने फाटलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा वेल्डिंगने चिकटवला, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग, पुन्हा डांबर. आणि गिऱ्हाइकं आली. एकाने टायरला लाथ मारली आणि जाणकारासारखी मान हलवली. नक्षी खोल दिसली म्हणून खूश! टायरच्या कडेला लिहिलेलं साल वाचलं असतं तर कळलं असतं, की रबर म्हातारं होऊन तडकलंय आणि वरून नुसतं काळं पॉलिश आहे. दुसऱ्याने आत बसून स्वतःचे फोटो काढले. तिसऱ्याचे गुडघेच मावले नाहीत. मी आपली तेल गाळत राहिले, ठिपका ठिपका. शेठ रोज त्यावर माती टाकत राहिला.

असो. मी गार झाले. मांजरसुद्धा कंटाळून उठून गेली.

टकळीने जाळीत पुन्हा हात घातला. “झाली गार! बाबा, तुम्ही मागे उभे राहा. आई, तू इकडे कान दे. काका, करा सुरू.”

शेठने चावी फिरवली. मित्रांनो, त्या दिवशी मी अजिबात आवरलं नाही स्वतःला! खडखडखड! पत्र्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. आणि मागून असा निळा धूर सोडला, की बाबा त्यात दिसेनासे झाले.

धुरातून खोकत खोकत आवाज आला, “जुनं इंजिन आहे. थोडं खोकायचंच.”

“बरोबर!” शेठने शब्द झेलला. “माणूससुद्धा सकाळी उठल्यावर खोकतो की नाही?”

“हो ना,” बाबा म्हणाले आणि लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघून हसले.

हा तर त्या पोराहून वरताण निघाला! एवढा धूर खाऊनही प्रेम तसंच. हा मला घेणार, त्याच वळणांवर नेणार, शेजारी ही पोरगी बसलेली असणार.

टकळी कमरेवर हात ठेवून बाबांसमोर उभी राहिली. “बाबा, दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता?”

“काय सांगतो?”

“एक डोळा झाका आणि दुसऱ्याने वाचा. हो ना? मग आता तो प्रेमाचा डोळा झाका जरा. नुसत्या दुसऱ्याने बघा.”

आई खुदकन हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

टकळीने खिशातून एक चुंबक काढलं. फ्रिजवरचं बदक होतं ते. रंगाला ओरखडा नको म्हणून तिने ते मोज्यात घातलं. तिचा हा एवढासा विचार मला फार भावला. कितीतरी दिवसांत माझ्या कातडीचा कुणी विचार केला नव्हता. बॉनेटवर लावलं, बदक चिकटलं. छपरावर चिकटलं. दारावर चिकटलं.

“खेळ झाला का?” शेठ म्हणाला. “आम्हाला कामं असतात.”

मागच्या चाकाच्या वर लावलं. बदक टपकन खाली पडलं.

तिने उचलून पुन्हा लावलं. टप्. जरा पुढे. टप्. दुसऱ्या बाजूला जाऊन लावलं. टप्.

“काका, लोखंडाला चुंबक चिकटतं. हे मला चौथीत शिकवलंय.”

“अगं, तिथे रंगाचा थर जरा जाड आहे.”

“किती जाड? भाकरीएवढा?”

एवढ्यात आई माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसली होती. तिने नाक वर केलं. “हा वास मी ओळखते. पोरं ओला टॉवेल बॅगेत कोंबून सुट्टीवर जातात ना, त्याचा.” तिने पायाखालची चटई उचलली, मग गालिचाची कड धरून ओढली. खालचा स्पंज ओला होता. त्याखाली काळं डांबर.

“ताई, ते काढायचं नसतं!” शेठ धावत आला. “कंपनीचं असतं ते!”

“मी काढत नाहीये, नुसती बघतेय,” आई म्हणाली. “अहो, या इकडे. तुमचा तो छोटा स्क्रू-ड्रायव्हर आहे ना खिशात?”

बाबांच्या खिशात चष्म्याचे स्क्रू पिळायचा इवलासा स्क्रू-ड्रायव्हर कायम असायचा. ते गुडघ्यांवर बसले. शेठचा चेहरा पांढरा पडलेला त्यांना दिसला नाही, मला दिसला. बाबांनी काळ्या डांबरावर टोक टेकवलं, हलकेच दाबलं. स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

बाबांनी तो बाहेर काढला. टोकाला लालसर चुरा लागला होता आणि चिंधीचा एक धागा. ते बराच वेळ त्या धाग्याकडे बघत राहिले. वहीच्या मागच्या पानावर चित्र काढणाऱ्या त्या मुलाचा चेहरा क्षणभर त्यांच्या चेहऱ्यात दिसला आणि मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मी मनात म्हणत होते, अजून खाली! अजून जरा खाली बघा!

टकळी फोनचा दिवा लावून माझ्याखाली घुसली, सुटलेल्या नाडीसकट. तिचा आवाज खालून आला. “इथे डांबर सुटलंय, आत वेल्डिंग केलंय. पत्र्यावर पत्रा चिकटवलाय. मुंग्यांची रांग गेल्यासारखं दिसतंय. काका, हे काय आहे?”

आणि मित्रांनो, शेठचा तोल सुटला. आजवर कुणी एवढं खाली गेलंच नव्हतं, म्हणून त्या ठिकाणापुरती थाप त्याने घडवूनच ठेवली नव्हती. तो ओरडला, “ते आत्ताचं नाही! पुलापलीकडच्या त्या फ्रेमवाल्या पोराने ठोकली तेव्हाचं आहे ते!”

माझं इंजिन बंद होतं, नाहीतर मी तेव्हा गाणंच म्हटलं असतं.

टकळी सरपटत बाहेर आली. केसांत माती, गालावर डांबर. “कुठला पोरगा?”

“एकच मालकीण होती ना?” आईने विचारलं. “दातांच्या डॉक्टर?”

“आणि नखभर ओरखडा नव्हता ना?” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम दुकानातला झाला होता, थंड आणि नेमका.

“अहो, तो मधे थोडे दिवस... त्याला गाडी झेपली नाही हो. वळणावर वेग आवरला नाही. चूक त्याची आणि डाग माझ्या गाडीला!”

“खोटं!” टकळीने फोन त्याच्यासमोर धरला. “हा फोटो बघा. गंज वेल्डिंगच्या खाली आहे, वर नाही. म्हणजे आधी गंज होता, मग ती फाटली, मग तुम्ही चिकटवली. गंज काही धडकेने लागत नाही! त्या दादाने घेतली तेव्हाच ही कुजलेली होती. तुम्हाला माहीत होतं?”

शेठने फाटकाकडे बोट केलं. “निघा. निघा इथून! घ्यायची नाही, नुसता वेळ खायचा!” एवढे दिवस ज्या तोंडाने गाव फिरवलं, ते तोंड एका शाळकरी मुलीसमोर कोरडं पडलं होतं. ते बघताना मला जी गार, गोड झुळूक लागली, ती कुठल्याच मोकळ्या रस्त्यावर कधी लागली नव्हती.

तुम्ही म्हणाल, अगं वेडे, तुझंच तर नुकसान झालं. आता तुला कोण घेणार? ठाऊक आहे मला. बहुतेक आता भंगार. चालेल! कुणाचं मनगट मोडणारी राणी होऊन मिरवण्यापेक्षा खरं बोलून वितळलेलं बरं.

पण तुम्हाला एवढं सांगून ठेवते. माझ्यासारख्या एखाद्या जुन्या, वेगवान, देखण्या गाडीवर उद्या तुमचंही मन जाईल. जाऊ दे! आम्ही त्यासाठीच तर आहोत. फक्त भेटायला याल तेव्हा न सांगता या आणि मला थंड असताना सुरू करा. रंग नंतर बघा, आधी वाकून पोट बघा. गालिचा उचला, नाकाने वास घ्या, टायरचं वय वाचा, कागदांवरचा नंबर अंगावरच्या नंबराशी ताडून बघा. एकटे येऊ नका. ज्याचं मन गाडीवर गेलेलं नाही असं कुणीतरी सोबत आणा. आणि घेतलीत, तर मला नुसतं झाकून ठेवू नका. कोरडी ठेवा, तेल चढू द्या, मग पळवा. आम्ही दगा देत नाही हो. आमच्या तोंडून दगा वदवला जातो.

ती तिघं फाटकापर्यंत पोचली होती. बाबांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. टकळी मधेच थांबली. दोन्ही हात पसरून तिने आईबाबांची वाट अडवली आणि शेठलाही ऐकू जाईल, मलाही ऐकू येईल, अशा आवाजात म्हणाली,

“आई, बाबा, ऐका. गाडी आपण घेत नाही, ते तर झालंच. पण आपण आता घरीही जात नाही. पुलापलीकडे फ्रेमचं एकच दुकान आहे. मी तिथे चाललेय. त्या दादाला हे फोटो दाखवणार, चूक तुझी नव्हती म्हणून सांगणार आणि त्याला घेऊन आजच्या आज इथे परत येणार. माझं ठरलंय. तुम्ही येताय, की मी एकटी जाऊ?”